टोल सुटला, बसचं तिकीट वाढलं

ट्रायबरो पुलावरून आम्ही क्वीन्सला घरी परत येत होतो. बाबा पहिल्यांदाच न्यूयॉर्कला आले होते. पूल उतरलो तरी गाडी कुठे थांबली नाही, तेव्हा त्यांनी विचारलं, "इथे टोल नाही का?" म्हटलं, "मगाशी कॅमेरे लावलेली कमान गेली ना, तिथेच कापला गेला. जवळपास ७ डॉलर."

"पूल किती जुना आहे?"

"१९३६चा."

"म्हणजे अजून वसूल झाला नाही?"

बाबा मुलुंडचे. आपल्याकडे टोलवरचा सगळा वाद याच प्रश्नाभोवती फिरतो. पुलाचा खर्च वसूल झाला की टोल बंद व्हायला हवा, हे आपण गृहीतच धरतो. त्याला कारणही आहे. आपल्याकडे टोल आला तो कंत्राटातून. मुंबईत ५५ उड्डाणपूल बांधले, त्यांच्या वसुलीसाठी २००२ पासून दहिसर, ऐरोली, वाशी आणि मुलुंडचे दोन अशा पाच नाक्यांवर टोल सुरू झाला. किती गाड्या गेल्या, किती जमा झाले, याचा विश्वास बसेल असा हिशेब लोकांपुढे येईना, म्हणून कार्यकर्त्यांनी नाक्यावर उभं राहून गाड्या मोजल्या. मुलुंड पूर्वेच्या हरिओम नगरमधल्या लोकांना तर मुंबईतच राहून मुंबईत यायला टोल भरावा लागायचा, कारण नाका त्यांच्या अलीकडे होता. कोल्हापूरकरांनी शहरातल्या रस्त्यांवरचा टोल रस्त्यावर उतरून घालवला. त्या रागात मला काहीही चूक दिसत नाही.

तरीही १४ ऑक्टोबर २०२४च्या मध्यरात्री, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, पाचही नाक्यांवर कारचा टोल माफ झाला तेव्हा मला आनंद झाला नाही. घरच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो येत होते. धाकटा भाऊ घोडबंदर रोडला राहतो, रोज पवईला गाडीने जातो. त्याचे ४५ रुपये वाचले. सात महिन्यांनी, मे २०२५मध्ये, बेस्टचं किमान भाडं ५ रुपयांवरून १० रुपये झालं. बाबा घरापासून मुलुंड स्टेशनपर्यंत बसने जातात. त्यांचे ५ रुपये वाढले. एकाच घरात कारवाल्याला सूट मिळाली आणि बसवाल्याचा खर्च दुप्पट झाला. या दोन गोष्टी कोणी एका वाक्यात बोलत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

न्यूयॉर्कमध्ये हे उलटं आहे. ट्रायबरोचा खर्च कधीच वसूल झाला. पण १९६८मध्ये पुलांचा कारभार आणि भुयारी रेल्वे, बस एकाच संस्थेच्या छत्राखाली आणल्या, आणि तेव्हापासून पुलांच्या टोलमधून उरलेला पैसा भुयारी रेल्वेला आणि बसना जातो. म्हणजे मी पुलावर भरलेल्या पैशात शेजाऱ्याच्या प्रवासाचाही वाटा असतो. कुठल्या पुलावरून किती वाहनं गेली, याची आकडेवारी कोणालाही घरबसल्या बघता येते.

इथे सगळं सुरळीत आहे असंही नाही. मॅनहॅटन बेटाला क्वीन्स आणि ब्रुकलिनशी जोडणारे ईस्ट नदीवरचे चार जुने पूल, ब्रुकलिन, मॅनहॅटन, विल्यम्सबर्ग आणि क्वीन्सबरो, १९११ पासून फुकट आहेत. त्यामुळे रोज सकाळी काय होतं ते मी डोळ्यांनी बघतो. त्याच नदीखालच्या क्वीन्स मिडटाउन बोगद्याला टोल, तिथे गाड्या बऱ्यापैकी सरकत असतात. आणि फुकट्या क्वीन्सबरो पुलासाठी क्वीन्स बुलेवार्डवर बंपरला बंपर रांग. फोनवर 'टोल टाळा' दाबलं की नकाशा सगळ्यांना तिकडेच वळवतो, आणि त्या रस्त्यावर राहणाऱ्यांनी धूर सोसायचा. ट्रकवाल्यांनी तर याचं शास्त्रच केलं होतं. १९८६ पासून २०२०पर्यंत ब्रुकलिन आणि स्टेटन आयलंड बेट जोडणाऱ्या व्हेराझानो पुलावर स्टेटन आयलंडकडे जातानाच टोल होता, आणि मॅनहॅटनमधून हॉलंड बोगद्याने न्यू जर्सीला बाहेर पडायला टोल नसतो. मग न्यू जर्सीहून स्टेटन आयलंडमार्गे ब्रुकलिनला येताना व्हेराझानो आणि परत जाताना फुकटचा मॅनहॅटन पूल, अरुंद कॅनाल स्ट्रीट, बोगदा. सगळा फेरा व्हेराझानोचा टोल न देता.

५ जानेवारी २०२५ पासून ६०व्या रस्त्याच्या दक्षिणेला मॅनहॅटनमध्ये शिरणाऱ्या कारला दिवसा ९ डॉलर पडतात, मग पूल फुकटचा असो वा टोलचा. बोगद्याचा टोल भरून आलेल्याला थोडी सूट मिळते. यावर इथेही प्रचंड भांडण झालं. आधी १५ डॉलर ठरले होते, ते जून २०२४मध्ये गव्हर्नरनी अचानक थांबवले आणि नंतर ९वर आणले. स्टेटन आयलंडला तर बाकी शहराशी जोडणारी भुयारी रेल्वेच नाही. तिथल्या माणसाला "गाडी सोड, ट्रेनने ये" असं सांगता येत नाही. त्याची तक्रार मला पटते.

भावाची तक्रारही अशीच आहे, हे मला कळतं. ठाण्याहून सकाळच्या लोकलमध्ये कसंबसं घुसायचं, कांजूरमार्गला तेवढ्याच धक्क्यांत उतरायचं आणि पुढे बसची नाहीतर रिक्षाची रांग लावायची. दोन वर्षं त्याने हे केलं, मग गाडी घेतली. त्याला चैनखोर म्हणायची माझी तयारी नाही.

पण म्हणूनच त्याचा टोल माफ करणं हे उत्तर नव्हतं. फास्टॅग देशभर सक्तीचा झालाच आहे, नाक्यावर रांग लावायचं कारण उरलेलं नाही. पाचही ठिकाणी कारचा टोल परत आणावा, कंत्राटदार मध्ये न घालता. हरिओम नगरसारख्या वस्त्यांना वगळावं. जमा होणारा रुपयान् रुपया मुंबई-ठाण्याच्या बससेवेला द्यावा आणि दर महिन्याला गाड्या आणि रक्कम जाहीर करावी.

हे मी फोनवर बोललो तेव्हा भाऊ म्हणाला, "पवईची बस दर दहा मिनिटांनी येणार असेल तर ४५ रुपये देतो. पण बस आधी येऊ दे." त्याची अट रास्त आहे. आजवर पैसे आधी गेले आणि सोय नंतरही आली नाही, हा त्याचा अनुभव आहे. पण ही अट पाळता येते. न्यूयॉर्कने ९ डॉलरच्या या टोलच्या भरवशावर १५ अब्ज डॉलरची कामं करायचं ठरवलंय, कर्ज आधी उभं करायचं आणि टोलमधून ते फेडत जायचं. आपले ५५ उड्डाणपूलही आधी बांधले आणि टोल मागून घेतला. मग बसच्या बाबतीत तेच करायला काय हरकत आहे?