मूल आईपाशीच राहू द्या : सोफी लोबबद्दल थोडं

विधवा आणि परित्यक्ता बायकांचे सरकारी योजनांचे अर्ज भरून द्यायचं काम मी काही वर्षं करतेय. त्या कामात एक वाक्य इतक्यांदा कानावर पडतं की आता नुसता संताप होतो. "ताई, हिच्या पोरांना एखाद्या आश्रमात टाकून द्या ना, हिचं ओझं तरी कमी होईल." बोलणारे बहुतेक वेळा चांगली माणसं असतात, सख्खे दीर असतात, मामा असतात. त्यांना उत्तर देताना मला हल्ली शंभर वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये विधवांच्या मुलांसाठी झटलेली पत्रकार सोफी लोब आठवते, म्हणून आज तिच्याबद्दल सविस्तर लिहितेय.

सोफी आयरीन लोब मूळची सायमन. जन्म १८७६ चा, रोव्ह्नो गावातला. हे गाव तेव्हा रशियन साम्राज्यात होतं, आज युक्रेनमध्ये आहे. ती सहा वर्षांची असताना हे ज्यू कुटुंब अमेरिकेला गेलं आणि पिट्सबर्गजवळच्या मॅकीस्पोर्ट या पोलादाच्या कारखान्यांच्या गावात राहिलं. ती सोळा वर्षांची असताना वडील वारले. घरात आई आणि सहा भावंडं, त्यात सोफी सगळ्यांत थोरली. शाळा सांभाळून ती एका दुकानात काम करायला लागली. परका देश, हाताशी नातलगांचा गोतावळा नाही, आणि तरीही आईनं एकही मूल घराबाहेर पाठवलं नाही. सोफीच्या पुढच्या सगळ्या कामाचं मूळ मला या घरात दिसतं.

पुढे शाळेत शिकवणं, १८९६ मध्ये लग्न, मग घटस्फोट. १९१० च्या सुमारास ती न्यूयॉर्कला आली आणि 'इव्हनिंग वर्ल्ड' या दैनिकात बातमीदार झाली. बातम्यांसाठी चाळींमधून फिरताना तिला घरोघरी आपलीच आई भेटत होती.

त्या काळच्या न्यूयॉर्कमध्ये कामगार नवरा गेला की बाईपुढे काय उरायचं? रात्री कचेऱ्यांच्या फरश्या पुसायच्या, नाहीतर घरी नगावर शिवणकाम करायचं. त्यात भागलं नाही की मुलं अनाथालयात. नाव अनाथालय, पण तिथल्या कितीतरी मुलांची आई जिवंत असायची. शहरातलं ज्यूंचं मोठं अनाथालय ॲमस्टरडॅम ॲव्हेन्यूवर होतं. हजाराहून जास्त मुलं एका इमारतीत. तिथल्या जुन्या शिस्तीत उठणं, जेवणं, झोपणं सगळं घंटेवर चालायचं. संस्था वाईट हेतूनं चालवल्या जात होत्या असं मी म्हणणार नाही. समाजानं भरभरून देणग्या देऊन त्या उभ्या केल्या होत्या. पण सहा वर्षांच्या पोराला रात्री दचकून जाग आली तर हजारांतल्या त्या एकाला जवळ कोण घेणार?

सोफीनं नेमकं हिशेबावर बोट ठेवलं. अनाथालयांना शहराच्या तिजोरीतून दर मुलामागे पैसे मिळत होते. म्हणजे आईनं पोर दुसऱ्याच्या हवाली केलं की त्याच्या जेवणाचे पैसे सरकार देणार, आणि तिनं पोटाशी धरून ठेवलं तर एक सेंटही नाही. मग तेच पैसे आईला का देऊ नयेत? इतका साधा सवाल होता.

ती एकटी नव्हती हेही सांगायला हवं. हॅना आइनस्टाइन या न्यूयॉर्कच्या ज्यू बाईंनी १९०९ मध्येच विधवा मातांना मदत करण्यासाठी निधी उभारला होता. त्याच वर्षी व्हाइट हाउसमध्ये भरलेल्या परिषदेत, केवळ गरिबीपायी मुलांना घरापासून तोडू नये, असं ठरलं होतं. इलिनॉय राज्यानं १९११ मध्ये मुलं घरीच वाढवायला आईला सरकारी पैसे देण्याचा कायदाही केला. न्यूयॉर्क मात्र हलत नव्हतं, आणि तिथे सगळ्यांत मोठा विरोध केला तो मोठमोठ्या धर्मादाय संस्थांनी! सरकारी पैसा गेला की राजकारणी त्यात हात घालतील, बायकांना फुकटची सवय लागेल, कष्ट करायची वृत्ती मरेल. शंभर वर्षं उलटून गेली तरी हे शेवटचं वाक्य जसंच्या तसं मी आमच्या तालुक्यात ऐकते. मदत घेणाऱ्या बाईच्या तोंडावर ऐकवलेलंही मी पाहिलंय.

१९१३ मध्ये राज्यानं या प्रश्नावर आयोग नेमला. सोफी त्याची सदस्य झाली, युरोपातल्या अनेक देशांत जाऊन तिथं काय चाललंय ते बघून आली. एकीकडे पेपरातून लेखांमागून लेख, दुसरीकडे आमदारांच्या मागे लागणं. १९१५ मध्ये न्यूयॉर्कमध्येही तसा कायदा झाला. न्यूयॉर्क शहरात बालकल्याण मंडळ स्थापन झालं आणि सोफी सात वर्षं त्याची अध्यक्ष होती, तीही बिनपगारी. पोटापाण्यासाठी पेपरातली नोकरी चालूच होती. मंडळाची तरतूद सुरुवातीला एक लाख डॉलर होती, ती तिच्या काळात पन्नास लाखांच्या आसपास गेली.

दानशूर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे संगमरवरी पाटी येते. कोणी किती दिले, कोणाच्या स्मरणार्थ दिले. सोफीकडे देण्याजोगा पैसाच नव्हता. तिनं लेखणी दिली, आयुष्याची वर्षं दिली आणि शहराची तिजोरी योग्य दारापुढे उघडायला लावली. माझ्या लेखी तिचं दान मोठमोठ्या देणग्यांपेक्षा मोठं आहे. देणगीदार गेला की देणगी आटू शकते, आणि मिळेपर्यंत घेणाऱ्याला हात जोडून उभं राहावं लागतं. कायद्यानं मिळणारा पैसा घेताना मान खाली घालावी लागत नाही. निदान लागू नये. दानधर्म नको, प्रत्येक मुलाला संधी हवी, हेच ती आयुष्यभर सांगत राहिली.

शहराच्या बाकीच्या कामांतही ती होतीच. शाळांमध्ये मुलांना स्वस्तात जेवण मिळावं म्हणून झटली, १९१७ मध्ये टॅक्सीवाल्यांच्या संपात मध्यस्थी केली. १९२५ मध्ये पॅलेस्टाइनला जाऊन तिथल्या ज्यू वसाहतींबद्दलही तिनं लिहिलं. पण जीव अडकलेला होता तो मुलांमध्येच. १९२४ मध्ये देशपातळीवरच्या बालकल्याण समितीची ती पहिली अध्यक्ष झाली आणि एकेका राज्यात हे कायदे व्हावेत म्हणून फिरत राहिली. १८ जानेवारी १९२९ ला कर्करोगानं गेली, वय अवघं ५२. त्यानंतर सहा वर्षांनी, १९३५ मध्ये, अशा मुलांसाठीची मदत अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात आली.

या कायद्यांत मोठ्या खोटी होत्या आणि त्याही मला तितक्याच महत्त्वाच्या वाटतात. न्यूयॉर्कचा कायदा सुरुवातीला फक्त विधवांसाठी होता. नवरा सोडून गेलेली बाई त्यात बसत नव्हती. शिवाय आई नैतिकदृष्ट्या 'लायक' आहे की नाही हे अधिकारी ठरवणार. म्हणजे घरी येऊन चौकशी, शेजाऱ्यांना विचारणा, कोण येतं-जातं त्यावर नजर. आणि १९३१ मध्ये अमेरिकाभरच्या लाभार्थी कुटुंबांची पाहणी झाली तेव्हा कृष्णवर्णीय कुटुंबं होती जेमतेम ३ टक्के. ज्यांना सगळ्यांत जास्त गरज, त्या आयांनाच 'लायक' यादीतून गाळलं गेलं. बाईच्या चारित्र्याची तपासणी मदतीच्या अर्जाला जोडली की असंच होतं. आपल्याकडे अर्जात असा रकाना नाही, पण स्थानिक चौकशीला आलेला माणूस गावात काय काय विचारतो ते मला ठाऊक आहे. तो दिवस बाईला नवऱ्याच्या दहाव्यापेक्षा जड जातो, असं एकीनं मला सांगितलं होतं.

महाराष्ट्रात सोफीच्याच तत्त्वावरची एक योजना आहे आणि ती अजून असंख्य घरांपर्यंत पोचलेली नाही. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. मूल संस्थेत न टाकता कुटुंबातच वाढावं म्हणून दर मुलामागे महिन्याला पैसे मिळतात. पूर्वी ११०० रुपये होते, २०२३ पासून २२५० झाले. आई-वडील दोघं गेलेली मुलं तर यात येतातच, पण एकच पालक उरलेलं मूलही बसतं. वय अठराच्या आत हवं. ही योजना महिला व बालविकास विभागाची आहे, चौकशी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करायची. पालकाचा मृत्यूचा दाखला, मुलाचं आधार, शाळेचा बोनाफाइड, उत्पन्नाचा दाखला एवढं आधी गोळा करून ठेवा आणि प्रत्येक कागदाच्या दोन-दोन झेरॉक्स काढा. तुमच्या गल्लीत, वाडीत, सोसायटीत कामाला येणाऱ्यांत अशी एखादी आई असेल तर तिला हे आजच सांगा. अर्ज भरायला अडलं तर इथे खाली लिहा, आम्ही बसून भरून देऊ.