दोन राउटर आणि दोन डीएचसीपी : एका प्रतिक्रियेला उत्तर

इंटरनेट पुरवठादाराच्या ओएनटीला (फायबर येऊन मिळते त्या, राउटरचेही काम करणाऱ्या पेटीला) घरात दुसरा राउटर जोडायचा असेल, तर दोहोंपैकी एकावरच डीएचसीपी (उपकरणांना आपोआप आयपी पत्ते वाटणारी सोय) चालू ठेवावे, असे मी लेखात म्हटले होते. त्यावर आपण लिहिता, ‘माझ्याकडे वर्षभर दोन्हीकडे डीएचसीपी चालू आहे, काहीही बिघडलेले नाही, पुस्तकी पांडित्य दाखवून लोकांना घाबरवू नका.’ मतभेदाचे मला वावडे नाही. मात्र ‘पुस्तकी’ हे विशेषण आपण कोणाला लावतो आहोत, याची थोडी चौकशी केली असती तर बरे झाले असते. एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेचे नेटवर्क मी अनेक वर्षे सांभाळले आहे आणि कोणीतरी घरून आणलेला राउटर भिंतीतल्या पोर्टला लावल्यामुळे ऐन प्रात्यक्षिक परीक्षेत संगणक ठप्प झालेले पाहिले आहेत.

आपल्याकडे काही बिघडले नाही, हे खरे असेलही. पण ते का बिघडले नाही, हा प्रश्न आपल्याला पडलेला दिसत नाही. लेखातील जोडणी लॅन पोर्टातून (घरातल्या उपकरणांसाठीच्या खाचेतून) लॅन पोर्टात होती. अशा जोडणीत फोन पत्त्याची मागणी सर्वांना उद्देशून करतो, दोन्ही राउटर उत्तर देतात आणि बहुतेक उपकरणे आधी पोहोचलेला प्रस्ताव स्वीकारतात. दुसऱ्या राउटरने दिलेला पत्ता वरवर निर्दोष दिसतो. परंतु गेटवे (इंटरनेटकडे जाण्याचे दार) म्हणून तो स्वतःचेच नाव पुढे करतो आणि त्याच्या वॅन पोर्टात, म्हणजे बाहेरचे इंटरनेट आत घेणाऱ्या खाचेत, तर काहीच जोडलेले नसते. परिणामी वायफायची खूण पूर्ण भरलेली, इंटरनेट मात्र बंद. शिवाय दोन्हीकडचे पूल (वाटायच्या पत्त्यांचे साठे) सारखे असतील, तर 192.168.1.5 हा एकच पत्ता दोन उपकरणांच्या वाट्याला येऊ शकतो.

हे रोज घडत नाही, कारण लीजची (पत्ता वापरण्याच्या परवानगीची) निम्मी मुदत उलटल्यावर उपकरण नूतनीकरणासाठी आधीच्याच सर्व्हरकडे, म्हणजे पत्ता देणाऱ्या राउटरकडे, थेट जाते. ज्याला प्रथम योग्य उत्तर मिळाले, तो महिनोन्महिने सुखाने नांदतो. पाहुण्यांचा फोन चालला नाही, तर आपण दोष त्यांच्या फोनला देऊन मोकळे होतो.

एखाद्या उपकरणासाठीचा राखीव पत्ता पूलच्या बाहेरचाच असला पाहिजे असे नाही, काही राउटर पूलमधलाच पत्ता राखून देतात, हे आपले म्हणणे मान्य आहे आणि ते वाक्य मी बदलले आहे. नॅट (पत्त्यांचे भाषांतर) म्हणजे फायरवॉल नव्हे, सीजीनॅटमागे (पुरवठादाराने स्वतःच्या पातळीवर केलेल्या नॅटमागे) पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी घरातल्या उपकरणाकडे वळवणे) चालत नाही, आयपीव्ही६चा (आयपी पत्त्यांच्या नव्या पद्धतीचा) उल्लेख नाही, या आक्षेपांबाबत इतकेच सांगतो की तो त्या लेखाचा विषयच नव्हता. शीर्षक वाचण्याचे कष्ट घेतले असते, तर आपले तीन परिच्छेद वाचले असते.

आता कृपया दुसऱ्या राउटरच्या वायफायवर असलेल्या फोनमध्ये गेटवेचा पत्ता पाहा. तो त्याच राउटरचा असूनही इंटरनेट चालत असेल, तर आपली केबल वॅन पोर्टात आहे, आपल्या घरात दोन स्वतंत्र नेटवर्क आहेत, पत्त्यांचे भाषांतर दोनदा होते आहे आणि आपण ज्या रचनेचा दाखला देता, तिच्याविषयी मी अवाक्षरही लिहिलेले नाही.