ओट्याचा ग्रॅनाइट कापताना पाणी का नको?

सोसायटीत कुणाकडे रिनोव्हेशन निघालं की व्हॉट्सॲप ग्रुपवर तक्रारी ठरलेल्या. आवाज, लिफ्टमध्ये गोण्या आणि धूळ. त्यातल्या धुळीच्या तक्रारी नीट वाचा. ती कुणाच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर, कुणाच्या गाडीच्या काचेवर बसलेली असते. ज्याच्या नाकासमोर ती उडते, त्या फरशीवाल्याचा विषय निघालाच तर एवढाच: "ही माणसं मास्कच लावत नाहीत हो, कितीही सांगा."

या वाक्याचा मला भयंकर राग येतो, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

ग्रॅनाइटमध्ये साधारण पाव ते एक तृतीयांश क्वार्ट्झ असतं, म्हणजे स्फटिकी सिलिका. (आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडात ती फारच कमी. ग्रॅनाइट येतो कर्नाटक, आंध्र, राजस्थानातून.) काँक्रीटमध्ये वाळू असते, म्हणून वायरिंगसाठी भिंतीत खाच मारतानाही तेच. कोरडं कटर फिरलं की जो पांढरा लोट दिसतो, त्याहून घातक असतात त्यातले न दिसणारे कण. केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही बारीक. ते नाकात अडकत नाहीत, खोकून पडत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. तिथल्या पेशी त्यांना गिळतात आणि स्वतःच मरतात. असं वर्षानुवर्षं होत राहिलं की फुप्फुसात गाठी आणि व्रण होऊन ते कडक होतं. हा सिलिकोसिस. त्यावर इलाज नाही. काम सोडलं तरी तो वाढू शकतो. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोकाही आहेच. अमेरिकेने २०१६ साली आठ तासांच्या पाळीसाठी मर्यादा घातली ती घनमीटर हवेमागे ५० मायक्रोग्रॅम. मिठाचा एक कण साधारण एवढ्याच वजनाचा.

आता मास्क. रुमाल किंवा गमछा या कणांपुढे निरुपयोगी. एन-९५ उपयोगी, पण चेहऱ्याला घट्ट बसला तरच, म्हणजे दाढीवर नाही. मे महिन्यात, पंखा नसलेल्या बंद फ्लॅटमध्ये, उकिडवं बसून दिवसभर तो लावून दाखवा, मग त्या माणसाच्या शिस्तीबद्दल बोलू. मास्क शेवटचा उपाय आहे. पहिला उपाय धूळ उडूच न देणं, आणि तो आहे पाणी. पात्यावर सतत पाणी पडलं की धूळ तिथेच चिखल होऊन बसते. फरशी कापायच्या अनेक मशिनींसोबत पाण्याची नळी येतेही. ती पहिल्याच आठवड्यात निघून पेटीच्या तळाशी जाते.

का? मिस्त्रींना विचारलं. शॉक लागतो, हे पहिलं कारण, आणि ते खरं आहे. ओल्या जागी जुनाट वायर, उघडे जोड आणि ईएलसीबी (वीज गळू लागली की पुरवठा लगेच तोडणारा स्विच) नसलेला बोर्ड असेल तर मीही पाणी वापरणार नाही. दुसरं कारण आपण. चिखल लादीवर सांडतो, मालकीणबाई ओरडतात. खाली पार्किंगमध्ये कापावं तर वॉचमन हाकलतो, कारण आमच्याच नियमावलीत लिहिलंय: पार्किंगमध्ये कटिंग करू नये, गटार तुंबतं. म्हणजे गटाराची काळजी लेखी आहे. मग काम बेडरूममध्ये, दार लावून. संध्याकाळी बिगारी कोरड्या केरसुणीने सगळं झाडतो आणि खाली बसलेली धूळ पुन्हा हवेत.

कायद्याचं म्हणाल तर १९४८ च्या कारखाने अधिनियमात सिलिकोसिस नोंदवण्याजोगा रोग होता, डॉक्टरने तो सरकारला कळवणं बंधनकारक. पण चौथ्या मजल्यावरचा टू बीएचके हा कारखाना नव्हे. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यातूनही स्वतःच्या राहत्या घराचं दहा लाखांपर्यंतचं काम वगळलेलं होतं. त्यात या घरी तीन दिवस, त्या घरी पाच दिवस असं काम करणाऱ्याने बांधकाम कामगार कल्याण मंडळाच्या नोंदणीसाठी ९० दिवसांचा दाखला गोळा करायचा. दम लागतो, खोकला, वजन उतरतंय म्हणून दवाखान्यात गेला तर बऱ्याचदा टीबी समजून औषधं सुरू होतात. सिलिकामुळे टीबीचा धोका वाढतोही, त्यामुळे गुंता आणखी. "काम काय करता?" हा प्रश्न केसपेपरवर क्वचितच. राजस्थानने निदान २०१९ साली धोरण आणून आजार प्रमाणित झाल्यावर तीन लाखांची मदत ठरवली.

आणि हल्ली शोरूममध्ये जो कृत्रिम क्वार्ट्झचा ओटा "डागच पडत नाही" म्हणून विकतात, त्यात सिलिका ९० टक्क्यांपर्यंतही असते. तो कापणाऱ्या तरुण कामगारांना सिलिकोसिस होऊ लागला, म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून असा दगड बनवण्या-विकण्यावरच बंदी घातली. आपल्याकडे तो स्टेटस आहे. घ्यायचाच असेल तर निदान दुकानातून मापात कापून मागवा.

सप्टेंबरच्या सर्वसाधारण सभेत मी एक कलम मांडणार आहे. मसुदा देतोय, तुमच्या सोसायटीसाठी खुशाल उचला: "दगड, फरशी व काँक्रीट कोरडे कापण्यास मनाई. कटिंगसाठी सोसायटी पार्किंगच्या कोपऱ्यात नळ, ईएलसीबी असलेला वीजजोड आणि गाळ बसवण्याची टाकी देईल. खर्च रिनोव्हेशनच्या डिपॉझिटमधून वळता होईल. फ्लॅटमध्ये झाडणे ओल्या फडक्याने किंवा व्हॅक्यूमने." टाकी किती लिटरची हवी, हे कुणी प्लंबिंगवाला सांगेल का?