दूध पाजू नका हो त्याला

सकाळी साडेसातला डबे भरत होते आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ येऊन पडला. सी विंगच्या जिन्याखाली गव्हाणी घुबड बसलेलं, एक पंख फरशीला टेकलेला, आणि एक पोरगं बाटलीच्या झाकणातून त्याच्या चोचीला दूध लावतंय. मागे बासरी. खाली जोडलेल्या हातांची रांग. 'किती गोड!' 'माणुसकी अजून शिल्लक आहे.' 'आईवडिलांचे संस्कार.'

तव्यावरची पोळी करपली माझी.

दूध! घुबडाला! अहो, पक्षी पिल्लांना दूध पाजतात का कधी? मग त्याच्या पोटाला ते पचणार कुठून? गायीचं दूध पचवायची सोयच नसते त्यांच्यात. आणि घुबड तर पाणीसुद्धा फारसं पीत नाही, उंदराच्या अंगातलं ओलं त्याला पुरतं. पण आपल्याकडे कुणी आजारी पडलं की दूध, कुणी दमलं की दूध, नागाला दूध, देवाला दूध. नागपंचमीचं शिराळा आमच्या सांगलीहून तासाभरावर. नागाला दूध पाजू नका हे ओरडून सांगण्यात किती वर्षं गेली, आता घुबडापासून पुन्हा सुरुवात.

आणि सगळ्यात जास्त हात कुणी जोडले माहितीये? ज्यांच्या बाल्कनीत पिंजऱ्यात पोपट आहे त्या बाईंनी. आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. हे मी त्यांना दोनदा सांगितलंय. 'आमचा घरातलाच आहे हो, मुलासारखा.' असो, त्या विषयावर आज नको, रक्तदाब वाढतो.

मी चपला घालून खाली गेले. हे मागून ओरडत होते, पतसंस्थेत उशीर होईल तुला. होऊ दे.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई एवढी का तापलीय, पोरानं चांगल्याच भावनेनं केलं ना. केलं. मान्य. पण माझ्या हातात एक खंड्या मेलाय, म्हणून तापलेय.

चार वर्षं झाली. जूनचे दिवस, पहिला पाऊस नुकताच पडून गेलेला. आमच्या जिन्याच्या मोठ्या काचेवर धप्प आवाज झाला. बघते तर खंड्या. हरिपूर रस्त्याला तारेवर बसलेला दिसतो ना तोच, निळी पाठ, पांढरी छाती, लाल चोच. एरवी एवढा ओरडणारा पक्षी, आणि फरशीवर निपचित, डोळे अर्धवट मिटलेले. मी यांच्या पंच्यात त्याला उचलला. इतका हलका होता! तहान लागली असेल बिचाऱ्याला म्हणून ड्रॉपर आणला, चोच दोन बोटांनी उघडली आणि थेंब थेंब पाणी सोडलं. चार-पाच थेंब असतील. त्याच्या नाकपुड्यांतून बुडबुडा आला, मान मागे गेली, आणि संपलं. मी ढसाढसा रडले. कढीपत्त्याखाली पुरला. महिनाभर सगळ्यांना सांगत होते, काचेनं मारलं हो त्याला.

काचेनं नव्हतं मारलं. पुढं मावशींच्या म्हशीसाठी जनावरांचे डॉक्टर आले होते, बोलता बोलता त्यांना हे सांगितलं. ते हात धूत होते. म्हणाले, "पाणी पाजलंत का?" म्हटलं, हो. ते काही बोलले नाहीत आधी. मग म्हणाले, "पक्ष्याच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनळीचं तोंड असतं. आपण वरून सोडलेला थेंब सरळ आत जातो. काचेवर आपटलेला पक्षी पुष्कळदा नुसता बधिर झालेला असतो, अंधारात तास-दोन तास ठेवला की उडून जातो."

तास-दोन तास. मला तेवढाही धीर नव्हता.

म्हणून आज मी त्या पोराच्या हातातून झाकण जवळजवळ हिसकावूनच घेतलं. त्याचा चेहरा उतरला. नंतर वाईट वाटलं, पण त्या क्षणी नाही.

घुबडाच्या पंखाला मांजा होता. नायलॉनचा. संक्रांत होऊन किती दिवस झाले, पण सी विंगच्या टेरेसवर केबलला अजून मांजाचा गुंता लटकतोय. २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं देशभर बंदी घातली या मांज्यावर. बंदी! आणि जानेवारीत दुकानात 'तो' मांजा मागितला की माणूस इकडंतिकडं बघून काउंटरखाली हात घालतो. विकणाऱ्याला सगळे शिव्या घालतात, पण रीळ आणून देणारे बाप कोण आहेत? आपल्याच पार्किंगमध्ये गाड्या लावतात ते. गळे कापलेल्या माणसांच्या बातम्या वाचून झाल्या, तरी 'आपलाच पतंग उडाला पाहिजे' हे काही जात नाही. लाज वाटायला हवी. खरंच लाज वाटायला हवी!

बरं. शांत होते.

मांजा ओढून काढायचा मोह होतो, काढू नका. ओढला की सुरीसारखा आत जातो. मी कात्रीनं दोन्ही बाजूंनी लोंबणारा भाग तेवढा कापला, मांसात रुतलेला तसाच ठेवला. घुबडावर जाड टॉवेल टाकला, कारण त्याची नखं बोटात शिरली तर टाकेच पडतात. तेही फिस्स करून चोच वाजवत होतं. लोकांना वाटतं शाप देतंय. घाबरलंय हो ते! त्याच्या दृष्टीनं आपण त्याला खायला आलोय. आपण कुरवाळतो, फोटो काढतो, चार घरची पोरं बोलावून दाखवतो, आणि त्याचं काळीज तिकडं फुटायच्या बेताला आलेलं असतं.

मिक्सरचा खोका घेतला, भोकं पाडली, तळाला जुनं सुती कापड, झाकण बंद, आणि आमच्या मागच्या बाथरूममध्ये दिवा न लावता ठेवून दिला. पाणी नाही, खाणं नाही, दर दहा मिनिटांनी डोकावणं नाही. १९२६ ला फोन केला, हा वनविभागाचा नंबर, टोल फ्री आहे, मोबाईलमध्ये आत्ताच्या आत्ता सेव्ह करा. मग ऑफिसात कळवलं, उशीर होईल.

यापलीकडे काही करायचंच नसतं. हेच कुणाला पटत नाही. काहीतरी 'केल्यासारखं' वाटलं पाहिजे ना! हळद लावा म्हणे, सांगलीची हळद. एकानं सुचवलं, घरीच ठेवून बरं करू, मुलांना नादही लागेल. जंगली पक्षी घरात ठेवणं कायद्यात बसत नाही, आणि मोडलेला पंख आपण दोऱ्यानं बांधला तर तो वाकडाच जुळतो, मग ते घुबड जन्मभर चालत फिरणार का?

सासूबाई आल्या गेल्या आल्या गेल्या. "घुबड? घरात? अमावास्या तोंडावर आलीय." म्हटलं, लक्ष्मीचं वाहन आहे. "ते फोटोत." काय बोलणार. मार्केट यार्डात उंदरांनी पोती फोडली म्हणून डोकं धरायचं, आणि रात्री फुकट उंदीर मारणारा आला की दगड घ्यायचा. उंदराला विष घालायचं, तो विषारी उंदीर घुबडानं खायचा, आणि मग मेलेलं घुबड दिसलं की अपशकुन. कुणाला कुणाचा अपशकुन झाला ते बघा जरा. पण दुपारी सासूबाईच बाथरूमच्या दाराशी येऊन हळूच विचारत होत्या, "धडपडतंय का अजून?"

काही लोक मला सांगतात, निसर्गाचं चक्र असतं, मध्ये पडू नये. शिक्र्यानं धरलेला पारवा सोडवायला जाऊ नये, हे मलाही पटतं. पण मांजा कुठल्या चक्रात बसतो? जिन्याची काच? आपली पाळलेली मांजर? मांजरीच्या दातानं साधी ओरखड बसली तरी त्यातून होणारा संसर्ग पक्ष्याला दोन-तीन दिवसांत संपवतो, वरून काही दिसत नसलं तरी. तिथं मध्ये पडायलाच हवं, आणि लगेच.

उलट जिथं पडू नये तिथं आपण हमखास पडतो. उन्हाळ्यात बुलबुलाचं पिल्लू खाली दिसलं की उचलून घरात. अहो, नीट उडता येण्याआधीच ती घरट्यातून बाहेर पडतात, आईबाप कुंपणावर बसून ओरडत असतात, तुम्ही निघून जायची वाट बघत. रस्त्यात असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, हे खोटं आहे.

एक घुबड वाचवून जगात काय फरक पडणार, असं आमच्या यांचं म्हणणं. पडत नसेल. २०१९ च्या पुरात माझ्या भावानं गावभागातल्या घरातून आधी मांजर बाहेर काढली, मग टीव्ही. टीव्ही गेला तो गेलाच. त्यावरून वहिनी अजून बोलते, आणि ती मांजर वहिनीच्याच मांडीवर असते.

लिहिता लिहिता एक गोष्ट आठवली, आणि ती लपवून ही पोस्ट टाकणं बरं दिसणार नाही. त्या खंड्याचा फोटो मी स्टेटसला ठेवला होता. माझ्या तळहातावर, मान पडलेला. 'प्रयत्न केला पण वाचवू शकले नाही', वर रडणारा चेहरा. चाळीसेक लोकांनी हात जोडले होते. तुमच्यापैकी काहींनी जोडले असतील. मलाही तेव्हा बरं वाटलं होतं.

तर त्या पोराला मी उगाच बोलले. अकरा वर्षांचा आहे. बाकी सगळे व्हिडिओ काढत होते, जवळ बसलेला तोच एक होता.

वनविभागाचे गार्ड साडेतीनला आले. त्यांना वेळ लागतो, हे खरं आहे, लांबलांब फिरत असतात. खोका उघडल्यावर घुबडानं मान वळवून बघितलं, सकाळपेक्षा बरंच सावध होतं. हाड शाबूत वाटतंय म्हणाले, पण डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सांगता येणार नाही. खोक्यासकट घेऊन गेले.

पोरगं गेटपर्यंत आलं होतं. मला म्हणालं, "काकू, पाणी पाजायचं नाही हे तुम्हाला कसं माहीत?"

म्हटलं, वाचलं होतं कुठंतरी.

रविवारी सकाळी सी विंगच्या टेरेसवरचा मांजाचा गुंता काढायचाय. शिडी आमच्याकडे आहे. दोन उंच माणसं हवीत. ग्रुपवर हात जोडणाऱ्यांनी आधी नावं कळवा.