रात्री फ्रिज बंद ठेवून घरखर्च वाचत नाही

पहाटे साडेपाचला पाणी प्यायला उठले, मावशीच्या फ्रिजचं दार उघडलं, तर आत दिवाच लागला नाही. आधी वाटलं वीज गेली. पण खोलीतला पंखा चालू होता. खाली पाहिलं तर फरशीवर पाणी साचलेलं, फ्रीझरमधला बर्फ वितळून ओघळला होता. दाराच्या कप्प्यात मावशीच्या इन्सुलिनचा खोका. हात लावला तर पुठ्ठा दमट, आणि खोक्याला गारवा म्हणून नाही.

"मावशी, फ्रिज बिघडलाय का गं?"

"नाही गं, मीच बंद करते रात्री. सहाला परत लावते. तुला नाही का आला तो मेसेज?"

आला होता. तीन वेगवेगळ्या ग्रुपवर आला होता. मी न वाचताच पुसून टाकला होता. तेव्हाच वाचला असता तर मावशीला फोन केला असता, ही रुखरुख अजून आहे. म्हणून आता एकेक मुद्दा घेऊनच लिहिते.

मेसेजचं नाव "पगार तोच, खर्च अर्धा". त्यात सात युक्त्या आहेत. रात्री फ्रिज बंद ठेवा, विजेचं बिल तिसऱ्या हिश्शाने उतरेल. मोबाइलचा चार्जर प्लगमधून काढा, तो गुपचूप वीज खातो. गिझर दिवसभर चालू ठेवा, कारण पाणी पुन्हा पुन्हा तापवण्यात जास्त वीज जाते. झाकण ठेवून, आच पूर्ण ठेवून स्वयंपाक करा. सगळं सामान मोठ्यात मोठ्या पॅकमध्येच घ्या. क्रेडिट कार्डाची फक्त किमान रक्कम भरा, हातात पैसा खेळता राहतो. आणि रोजच्या गोळ्या एक दिवसाआड घ्या, "शरीराला सवय झालेली असते". शेवटी अर्थातच "दहा जणांना पाठवा".

फ्रिजपासून सुरुवात करते, कारण माणसं ते खरोखर करताहेत.

तिसरा हिस्सा आला कुठून? बहुधा हिशोब असा केलाय: दिवसाचे तास २४, त्यातले ८ तास फ्रिज बंद, म्हणजे तिसरा हिस्सा वाचला. इथे दोन चुका आहेत. तिसरा हिस्सा वाचलाच तर तो फ्रिजच्या विजेतला, घराच्या अख्ख्या बिलातला नव्हे. आणि तोही वाचत नाही. फ्रिज काही सलग चालत नसतो. आतलं तापमान ठरलेल्या आकड्यावर आलं की थर्मोस्टॅट कॉम्प्रेसर थांबवतो, वाढलं की सुरू करतो. रात्री दार कोणी उघडत नाही, खोलीही जरा गार असते, त्यामुळे तेव्हा तो सगळ्यात कमी चालतो. तुम्ही बटण बंद केलं तरी बाहेरची उष्णता भिंतींतून आणि दाराच्या रबरातून आत झिरपतच राहते. सकाळी बटण लावलं की आत साठलेली ती सगळी उष्णता बाहेर काढायला कॉम्प्रेसर बराच वेळ न थांबता घरघरत राहतो. रात्री वाचलेलं बरंचसं तिथेच फिटतं.

अर्धसत्य नाइलाजाने मान्य करते. थोडी वीज वाचते. आत आणि बाहेर तापमानातला फरक कमी झाला की झिरपणारी उष्णताही कमी होते, हे खरं आहे. पण किती? मावशीच्या फ्रिजच्या लेबलवर वर्षाला २१९ युनिट लिहिलंय. म्हणजे दिवसाला ०.६ युनिट, आणि रात्रीच्या आठ तासांचा वाटा ०.२ युनिट. ते सगळंच्या सगळं वाचलं असं धरलं, जे कधीच होत नाही, तरी ०.२ युनिट. २० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला जवळजवळ ०.६ युनिट लागतं. म्हणजे एका माणसाने आंघोळीच्या गरम पाण्यात तिसरा हिस्सा कमी केला, तरी मावशीच्या रात्रभराच्या उपद्व्यापाइतकी वीज वाचेल, आणि एकही घास नासणार नाही.

नासण्याचंच बोलायचंय. जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित अन्नाची पाच सूत्रं आहेत, जगभरच्या स्वयंपाकघरांसाठी काढलेली. त्यातलं तापमानाचं सूत्र सरळ आहे: शिजवलेलं आणि नाशवंत अन्न ५ अंश सेल्सिअसच्या खाली तरी ठेवा, नाहीतर ६० अंशांच्या वर. मधला पट्टा धोक्याचा. शिजवलेलं अन्न खोलीच्या तापमानाला २ तासांपेक्षा जास्त ठेवू नका. ज्या सूत्रात दोनच तासांची मुभा आहे, तिथे हा मेसेज रोज रात्रीचे आठ तास मागतोय. वीज गेली तर काय करावं याबद्दल अमेरिकेच्या कृषी खात्याची सूचनाही हेच सांगते: दार अजिबात उघडलं नाही तर फ्रिजमधलं अन्न साधारण ४ तास टिकतं. त्यापुढे त्याचा भरवसा नाही.

अनुकूल उबेत काही जिवाणू दर २० मिनिटांनी दुप्पट होतात. चार तासांत बारा वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे ४,०९६. बंद फ्रिजमध्ये इतका वेग नसेल, मान्य. पण हे एका रात्रीपुरतं नाही. तेच भांडं दोन-तीन दिवस आत असतं, आणि सकाळी गार झालं म्हणून रात्री वाढलेले जिवाणू मरत नाहीत. त्यांची वाढ मंदावते एवढंच. पुढच्या रात्री मोजणी त्या वाढलेल्या आकड्यापासून सुरू होते.

मावशीचं उत्तर तयार होतं: "मी वास घेऊन बघते, आणि उकळून घेते." हे दोन्ही उपाय अपुरे आहेत, आणि आपल्यापैकी बहुतेकांचा त्यांच्यावर विश्वास आहे, म्हणून जोर देऊन सांगते. आजारी पाडणारे जिवाणू वास किंवा चव बदलतीलच असं नाही. वास येतो तो बहुधा वेगळ्याच, नासवणाऱ्या जिवाणूंमुळे. उकळण्याचं म्हणाल, तर जिवाणू मरतात, पण स्टॅफिलोकॉकस ऑरियससारख्या काहींनी आधीच सोडलेलं विष उकळूनही जात नाही. भांड्यात जिवंत जिवाणू एकही नाही आणि तरी तासा-दोन तासांत उलट्या, असं होऊ शकतं. म्हाताऱ्या माणसाला, तान्ह्या बाळाच्या घरात, गरोदर बाईला हे परवडणारं नाही. एकदा दवाखान्याची पायरी चढली की ०.२ युनिटच्या किती वर्षांच्या रात्री त्यात जातील, हा हिशोब त्या मेसेजमध्ये कुठेही नाही.

आणि इन्सुलिन. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांतच ठेवायचं असतं, खोक्यावरच छापलेलं असतं. वापरात काढलेलं पेन किंवा बाटली ठरावीक दिवस, बहुतेक प्रकारांत साधारण चार आठवडे, फार उकाडा नसेल तर बाहेर चालते. पण मावशीच्या खोक्यातली पेनं न उघडलेली होती, पुढच्या दोन-तीन महिन्यांची. रोज रात्री उबेत, रोज दिवसा गारव्यात, असे सतरा दिवस. उष्णतेने जोर कमी झालेलं इन्सुलिन दिसायला अगदी नेहमीसारखं असू शकतं. साखर का वाढतेय म्हणून माणूस जेवण कमी करतो, स्वतःला दोष देतो, आणि दोष असतो भिंतीवरच्या बटणाचा. मावशीने गेल्या आठवड्यात दोनदा जेवण सोडलं होतं, हे मला त्या सकाळी कळलं. डॉक्टरांना विचारून आम्ही ती पेनं बाजूला काढली आणि नवी आणली. त्यात किती पैसे गेले ते मावशीने वहीत लिहिलंय, वीजबिलाच्या पानाच्या समोर.

फ्रिजवर खरंच वीज वाचवायची असेल तर दाराचं रबर तपासा. दारात कागद अडकवून दार लावा आणि कागद ओढा. अलगद निघून आला तर रबर ढिलं झालंय. फ्रिजच्या मागे हवा खेळायला जागा ठेवा. फ्रीझरमध्ये बर्फाचा थर जाड झाला असेल तर काढा. आत तापमान ४ अंशांच्या आसपास पुरतं, डायल शेवटच्या टोकाला नेऊन ठेवायची गरज नाही. हे सगळं बटण चालू ठेवून होतं (बर्फ काढायचा तेवढा वेळ सोडून, आणि तेव्हा औषधं बर्फाच्या पिशवीसोबत डब्यात ठेवा, पण पिशवीला चिकटून नकोत, गोठलेलं इन्सुलिनही वाया जातं).

गोळ्या एक दिवसाआड घेण्याबद्दल एकच वाक्य पुरे: रक्तदाबाची, साखरेची, फिटची गोळी डॉक्टरांना न विचारता एक दिवसही वगळू नका. औषधाचा खर्च कमी करायचा रास्त मार्ग आहे. तेच मूळ औषध जेनेरिक नावाने कमी पैशांत मिळतं का, हे डॉक्टरांना तोंड उघडून विचारा. संकोच वाटतो, मावशीलाही वाटत होता. विचारल्यावर डॉक्टरांनी दोन गोळ्या लगेच बदलून दिल्या.

आता कार्ड. फ्रिजइतकंच घातक, फक्त सावकाश. थकबाकी १०० धरा, नाणं कुठलंही असो. व्याज महिन्याला ३ टक्के, किमान भरणा ५ टक्के, आणि कार्डावर नवी खरेदी शून्य. पहिल्या महिन्यात १०० चे १०३ होतात, तुम्ही ५.१५ भरता, शिल्लक राहते ९७.८५. म्हणजे पाचावर भरूनही कर्ज उतरलं जेमतेम दोनाने. असं नेमाने भरत राहिलात तर कर्ज निम्म्यावर यायला ३२ महिने लागतात. तोवर तुम्ही सुमारे १२० भरलेले असता. १०० च्या कर्जावर १२० भरले, आणि अजून ५० देणं आहेच. पैसा हातात खेळता राहतो म्हणे! महिन्याचे ३ टक्के चक्रवाढीने वर्षाला साडेबेचाळीसच्या वर जातात. शिवाय थकबाकी असताना बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते, त्या दिवसापासूनच व्याज लागतं. घरात थोडीफार शिल्लक असेल तर पहिलं काम ही थकबाकी मिटवायचं. या सातही युक्त्या एकत्र केल्या तरी त्यातून जेवढं वाचणार नाही तेवढं तिथे वाचतं.

बाकीचं भराभर. चांगल्या बनावटीचा आजचा चार्जर रिकामा लटकत असताना ०.१ वॅटच्या आसपास घेतो. वर्षभर तसाच राहिला तरी एक युनिटसुद्धा होत नाही. काढायचा तर काढा, पण बिलात फरक शोधू नका. या मुद्द्यात तथ्य एवढंच की काही यंत्रं "बंद" असतानाही खरंच वीज खातात, उदाहरणार्थ टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स. एखादं यंत्र सतत १० वॅट खात असेल तर वर्षाला जवळजवळ ८८ युनिट होतात. ते भिंतीवरच्या बटणाने बंद करा.

गिझरचं तर उलटंच सांगितलंय. टाकीतलं पाणी भोवतालपेक्षा जितका जास्त वेळ गरम, तितकी उष्णता बाहेर जाते. टाकीचं आवरण उत्तम असेल तर फरक कमी पडेल, पण दिवसभर चालू ठेवून वीज कमी लागेल असं कुठल्याच टाकीत होत नाही. लागेल त्याच्या आधी लावा, मग बंद करा.

झाकणाचं मात्र बरोबर आहे, आणि ते मेसेजमध्ये आहे म्हणून नाकारणार नाही. एक लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सातपट तेच पाणी वाफ करून उडवायला लागते. झाकण नसेल तर इंधन त्या वाफेत जातं. पण लगेच पुढे "आच पूर्ण ठेवा" लिहून त्यांनी तेही बिघडवलं. पाणी एकदा उकळलं की आच वाढवून ते आणखी गरम होत नाही, फक्त वाफ वाढते. उकळी आली की आच बारीक करा, शिजायला तेवढाच वेळ लागतो.

मोठा पॅक स्वस्त पडतो, पण संपला तर. आणि किलोमागे किंवा लिटरमागे दर काढून पाहिला तर कधीकधी लहान पॅकच स्वस्त निघतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं ६० टक्के घरांतून. विकत आणलेलं आणि टाकून दिलेलं अन्न सगळ्यात महाग. साबण मोठा घ्या, नासत नाही. नाशवंत वस्तू लागेल तेवढीच.

मावशीने तो मेसेज अकरा जणांना पाठवला होता. त्या दिवशी दुपारी आम्ही दोघी यादी घेऊन बसलो आणि एकेकाला फोन केला. मेसेजवर मेसेज पाठवून लोक वाचत नाहीत, म्हणून फोनच. सात जणांनी काहीच केलं नव्हतं. तिघी रात्री फ्रिज बंद करत होत्या, त्यातल्या एकीकडे आठ महिन्यांचं बाळ आहे आणि त्याचं दूध त्याच फ्रिजमध्ये असतं. तिने फोन न ठेवता आधी जाऊन ते दूध ओतून दिलं. अकराव्या बाईंचा फोन अजून लागलेला नाही, आज संध्याकाळी मावशी त्यांच्या घरी जाणार आहे.