पिवळे पान दिसले म्हणून लगेच खत घालू नये

"कुंडीतल्या झाडाची पाने पिवळी पडली म्हणजे नत्र (नायट्रोजन) कमी झाले; शेणखत वाढवा, अंड्यांची टरफले आणि केळीच्या सालींचे पाणी घाला, सेंद्रिय असल्यामुळे जास्त झाले तरी अपाय नाही," असा सल्ला जळगाव-धुळ्याकडे गच्चीवर बाग करणारे एकमेकांना सर्रास देतात. त्यातले प्रत्येक विधान तपासून पाहणे आवश्यक आहे.

पाने पिवळी पडण्याचे कारण नत्रच असेल असे नाही. नत्र कमी पडले की झाड ते जुन्या पानांतून काढून शेंड्याकडे पाठवते, त्यामुळे खालची पाने सरसकट फिकी होतात. भरिताच्या वांग्यासारख्या खादाड पिकात असे खरोखर घडते. लोह मात्र जुन्या पानांतून सहसा हलत नाही, म्हणून त्याची उणीव कोवळ्या पानांवर दिसते: शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. जुन्या पानांवर अशीच जाळी दिसली, तर मॅग्नेशियमचा संशय घ्यावा.

खानदेशात लोहाचा विचार आधी करावा, असे माझे ठाम मत आहे. तापी-गिरणेच्या खोऱ्यातील काळ्या मातीत बऱ्याच ठिकाणी चुनखडी असते आणि बोअरचे पाणीही अनेकदा जड असते. उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर गेला की कुंडीला दोनदा पाणी द्यावे लागते, त्यातले पाणी उडून जाते आणि क्षार मात्र कुंडीतच साठत राहतात. अशा मातीचा सामू (आम्ल-विम्लतेचे माप, pH) 8 च्या आसपास गेला की लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही. त्यात घातलेली टरफले म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, अर्थात पुन्हा चुनाच. चांगले कुजलेले खत लोह उपलब्ध ठेवण्यास मदत करते, हे मान्य करायला हवे.

केळीच्या सालींतून मुख्यतः पालाश (पोटॅशियम) मिळते, म्हणजे त्या सल्ल्यात सांगितलेली नत्राची उणीवसुद्धा त्यांनी भरून निघत नाही.

"अपाय नाही" हे विधान मात्र धोक्याचे आहे. अर्धवट कुजलेला काडीकचरा कुजवताना सूक्ष्मजीव मातीतले नत्र स्वतःच वापरतात आणि झाड आणखी पिवळे पडते. खतातील क्षार वाढले की पानांची टोके करपतात व मातीवर पांढरा थर येतो. तेव्हा खत थांबवून, तळाच्या छिद्रातून भरपूर पाणी निघेपर्यंत कुंडी धुवावी, आणि शक्य तर त्यासाठी पावसाचे साठवलेले पाणी वापरावे.

या सर्वांआधी झाड कुंडीतून अलगद काढून मुळे पाहावीत. ती तपकिरी, मऊ व कुबट वासाची असतील, तर दोष पाण्याचा आणि निचऱ्याचा आहे. मुळे निरोगी असूनही कोवळी पाने पिवळी असतील, तर एकाच फांदीवर हिराकसचे (फेरस सल्फेट, लोहाचा क्षार) सौम्य द्रावण, लिटरला 2 ग्रॅम, संध्याकाळी फवारावे. एक-दोन आठवड्यांत तेवढीच फांदी हिरवी झाली, तर उणीव लोहाची होती.