खुडूक कोंबडीला बादलीत बुडवण्याआधी

पाऊस लागला की मोबाइलवर एक संदेश फिरू लागतो. यंदाही गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत सगळ्यांनी तो इमानेइतबारे पुढे ढकलला. मजकूर थोडक्यात असा: खुडूक, म्हणजे कोंबडीने अंडी घालणे थांबवून उबवायला ठाण मांडून बसणे, हा आजार आहे, तिच्या अंगात ताप असतो. तिला तीनदा थंड पाण्यात बुडवा. नाही उठली तर नाकपुडीतून पीस आरपार घाला आणि दोन दिवस उपाशी ठेवा. तरीही बसलीच तर कापा, ती आता अंडी देणार नाही. पिल्ले हवी असतील तर घरात असतील ती अंडी विषम संख्येत खाली घाला आणि विजेने ती नासू नयेत म्हणून लोखंडी खिळा ठेवा.

आधी तापाचे बघू. कोंबडीचे अंग एरवीही आपल्यापेक्षा गरम असते, 41 अंश सेल्सिअसच्या आसपास. खुडूक बसली की शरीरात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढते, पोटाखालची पिसे झडतात आणि उघड्या कातडीखाली रक्त खेळू लागते. हाताला कढत लागते ते हेच. अंडी उबवायला ही ऊब लागतेच. आजारी कोंबडी डोळे मिटून, मान टाकून कोपरा धरते. खुडूक कोंबडीजवळ हात नेऊन पाहा! पिसे फुलवून दुप्पट होते, घशातून गुरगुरते आणि नेमकी मनगटावर चोच मारते. दिवसातून एकदा, फार तर दोनदा उठते, भराभर टिपते, पाणी पिते, धुळीत लोळते, घाण वासाची भलीमोठी विष्ठा टाकते की परत जागेवर. ही विष्ठा पाहूनच बरेच जण औषध शोधायला धावतात. तुरा फिका पडणे, वजन उतरणे हेही ठरलेलेच. काळजी करायची तर उवांची करा. एका जागी बसून त्या फार माजतात, म्हणून संध्याकाळी पंखाखाली एकदा बघावे. उचलताना मात्र आधी पंखाखाली बोटे फिरवा, नाहीतर तिथे अडकलेले अंडे खाली पडून फुटते.

पाण्यात बुडवण्यामागे थोडे तथ्य आहे. पोट गार पडले की खुडूकपण ओसरते. पण ते हळूहळू, दिवसांच्या हिशेबाने गार पडावे लागते. बादलीतून काढलेली कोंबडी तासाभरात पुन्हा जागेवर दिसते, आणि जुलैच्या पावसात भिजलेली पिसे वाळत नाहीत ते वेगळेच. नाकातल्या पिसाने तर जखमच होते. उपाशी ठेवणे म्हणजे आधीच वजन उतरलेल्या जीवाला आणखी खंगवणे. पाळलेल्या जनावराला पुरेसे खाणेपिणे न देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे.

पिल्ले नको असतील तर सोपा उपाय आहे. मासळीचा जाळीदार प्लास्टिक क्रेट घ्या, दोन चिऱ्यांवर टेकवा म्हणजे खालून वारा लागेल, आणि कोंबडी आत ठेवून वरून दुसरा क्रेट उपडा बांधा. आत गवत नको, पोते नको. दाणापाणी भरपूर. जागा उजेडाची हवी, पण पागोळ्यांखालची नको. रात्री क्रेट उचलून घरात घ्यायचा, नाहीतर मुंगूस काम तमाम करील. तीन-चार दिवसांनी सोडून बघा. तडक जुन्या जागेवर गेली तर आणखी दोन दिवस. पहिल्याच दिवशी ओळखून क्रेटमध्ये घातली तर लवकर सुटते, पंधरवडाभर बसू दिलेली हट्ट सोडत नाही.

कापण्याचा सल्ला सरळ चुकीचा. गावठी कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते, खुडूक बसते, पुन्हा अंड्यावर येते. वर्षात असे तीन-चारदा होते. क्रेटमधून सुटल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांत अंडी सुरू होतात. ग्रामप्रिया, गिरिराज यांसारख्या सुधारित जाती क्वचितच बसतात, कारण जास्त अंड्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड करताना बसण्याची सवयच मागे पडली. त्यामुळे ज्याला घरचीच पिल्ले वाढवायची आहेत, त्याने चांगली बसणारी गावठी कापणे हा निव्वळ तोटा आहे.

‘घरात असतील ती अंडी’ यात मेख आहे. फ्लॅटच्या मागे तीन कोंबड्या पाळणाऱ्यांकडे शेजाऱ्यांच्या झोपेपायी कोंबडा नसतो. त्या अंड्यांवर कोंबडी महिनाभर बसली तरी काही निघायचे नाही. दुकानातल्या पोल्ट्रीच्या अंड्यांचेही तेच. कोंबडा असेल तर आठवड्याच्या आतली, फ्रीजमध्ये न ठेवलेली, तडा नसलेली दहा-बारा अंडी घ्या आणि प्रत्येकावर पेन्सिलीने खूण करा. दुसऱ्या कोंबड्या त्याच जागी येऊन अंडी घालतात. बिनखुणेचे दिसेल ते रोज काढायचे. सातव्या रात्री पुठ्ठ्याला भोक पाडून मोबाइलच्या उजेडावर अंडे धरा. लाल शिरांचे जाळे दिसले तर ठेवा, नुसतेच स्वच्छ पिवळट दिसले तर काढा. अठराव्या दिवसानंतर हात लावू नका.

विषम संख्या आणि खिळा? पोटाखाली मावतील तेवढी ठेवा, सम काय नि विषम काय. विजेने अंडी नासत नाहीत. मे महिन्याच्या उकाड्यात आठवडाभर पडून राहिली की आतला जीव अर्धवट वाढून मरतो. नंतर वळवाच्या गडगडाटावर आळ येतो.

संदेशात नाही ती गोष्ट म्हणजे महिना. श्रावणात बऱ्याच हिंदू घरांत अंडी शिवत नाहीत, ती साठतात आणि सहज खुडूक कोंबडीखाली जातात. प्रतिपदेला बसवलेली अंडी एकविसाव्या दिवशी, म्हणजे गोकुळाष्टमीच्या तोंडावर फुटतात. त्या ओलीत पिल्लांना रक्ती हगवण गाठते. पडवीत कोरडा कोपरा, रोज बदलायला वाळका भुसा आणि पहिल्या आठवड्यात राणीखेत रोगाची लासोटा लस एवढी सोय होत असेल तर खुशाल बसवा. नसेल तर आता क्रेट, आणि अंडी दसऱ्यानंतर ती पुन्हा बसेल तेव्हा.